ऑस्कर वाढतोय, टँक केवढा घ्यायचा?

दुकानातलं ऑस्करचं पिल्लू बोटाएवढं असतं. काळपट अंगावर नारिंगी नक्षी, आणि काचेवर बोट फिरवलं की बोटामागे धावायची सवय. मुलं हट्ट धरतात, घरात दोन फुटी टँक असतोच, म्हणून ते पिशवीत बसून घरी येतं. सहा महिन्यांनी बघावं तर ते वीतभर झालेलं असतं आणि वळताना शेपटी काचेला घासत असते. तुमच्या घरी सध्या हा प्रकार चालू असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

ऑस्कर मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. लहानपणी महिन्याला साधारण अडीच सेंटिमीटर वाढतो, पूर्ण वाढल्यावर २५ ते ३५ सेंटिमीटरचा होतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. दुकानदार सांगतात की मासा टँकच्या मापानेच वाढतो. हे साफ खोटं आहे. मासा टँकचं माप बघत नाही. लहान टँकमध्ये पाणी सतत बिघडलेलं राहतं, त्या ताणाने अंगातलं कॉर्टिसॉल वाढतं आणि वाढ खुंटते. त्या माशाला 'टँकच्या मापाचा' म्हणणं म्हणजे उपाशी मुलाला 'सडपातळ बांध्याचा' म्हणण्यासारखं आहे.

गडबड होते ती आपण माशाची लांबी मोजतो म्हणून. पाण्याला मोजावं लागतं त्याचं वजन. मासा ५ सेंटिमीटरचा २५ झाला की लांबी पाचपट होते, पण वजन पाच गुणिले पाच गुणिले पाच, म्हणजे सुमारे १२५ पट. मोठ्या प्राण्याचा चयापचय वजनाच्या मानाने थोडा मंद असतो, ती सूट दिली तरी ऑक्सिजनची गरज आणि अमोनियाचं उत्सर्जन जवळपास ५० पट होतं. तुमचा टँक मात्र तेवढाच आहे.

जरा हिशेब करू. वाढलेल्या ऑस्करला दिवसाला १० ग्रॅम दाणे घातले आणि त्यात ४० टक्के प्रथिनं असली, तर त्यातून ६४० मिलिग्रॅम नायट्रोजन पाण्याच्या दारात येतो. त्यातला निम्मा कल्ल्यांतून अमोनियाच्या रूपात बाहेर पडला असं धरलं, तर ३२० मिलिग्रॅम. ६० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरच्या टँकमध्ये ५४ लिटर पाणी मावतं, म्हणजे एका दिवसात लिटरमागे ६ मिलिग्रॅम. १२० बाय ६० च्या टँकमध्ये ५० सेंटिमीटरपर्यंत पाणी भरलं तर ३६० लिटर होतं आणि तोच आकडा एका मिलिग्रॅमच्या खाली येतो. लहान टँकमध्ये एका दिवसात जेवढं साचतं, तेवढं साचायला मोठ्या टँकला जवळजवळ आठवडा लागतो. मोठा टँक घ्यायचा तो या सवडीसाठी.

अमोनिया सगळा सारखा विषारी नसतो. त्यातला मुक्त वायूरूप भाग घातक, आणि तो किती हे पीएच आणि तापमान ठरवतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पीएच ८ असेल तर ५ टक्क्यांच्या वर. त्याच पीएच ८ च्या पाण्याचं तापमान ३० अंशांवर गेलं की साडेसात टक्के. शिवाय तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. जुलैत एसी बंद करून महिनाभर गावी जाणाऱ्यांनी हे दोन्ही आकडे लक्षात ठेवावेत.

आणि ऑस्कर तुम्हाला सांगत नाही. अ‍ॅमेझॉनच्या पूरमैदानांत रात्री पाण्यातला ऑक्सिजन जवळजवळ संपतो, तिथे तगण्यासाठी हा मासा स्वतःचा चयापचयच खाली उतरवतो. नाजूक मासा दोन दिवसांत मरून सावध करतो, ऑस्कर मात्र खराब पाण्यात महिनोन्‌महिने काढतो. 'इतके दिवस ठीक आहे की' हे वाक्य मी सर्वांत जास्त ऑस्करवाल्यांकडूनच ऐकलं आहे.

तर एका ऑस्करला १२० बाय ६० बाय ५५ सेंटिमीटर, याहून लहान नको. दोन हवे असतील तर लांबी १८० करा. यातली रुंदी सर्वांत महत्त्वाची. ३० सेंटिमीटरच्या माशाला आरामात वळायला ६० सेंटिमीटर लागतात, आणि ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातून. मॉलमध्ये जे उंच, अरुंद, दिवे लावलेले टँक दिसतात ते दिवाणखान्याच्या कोपऱ्यासाठी बनवलेले असतात. त्यात लिटर भरपूर आणि पृष्ठभाग तळहाताएवढा.

या मापाचा टँक बनवून घ्यायचा म्हणजे रोला, अल नहदा किंवा मुवैलेहच्या मराठी घरांतून पावलं शारजाच्या औद्योगिक क्षेत्राकडे वळतात. गॅरेज, जुन्या गाड्यांचे सुटे भाग, फर्निचर आणि मधूनमधून काच कापणाऱ्यांचे गाळे. हिंदी-उर्दूत काम भागतं. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, आणि नॅशनल पेंट्सच्या ट्रॅफिकबद्दल मी तुम्हाला काय सांगणार!

काचवाल्याशी बोलताना एवढं भौतिकशास्त्र जवळ असू द्या. काचेवरचा दाब पाण्याच्या खोलीवर ठरतो, टँकच्या लांबीवर नाही. आपल्या टँकच्या समोरच्या काचेवर ५० सेंटिमीटर पाण्याचा एकूण जोर सुमारे १५० किलोचा. खोली दुप्पट केली तर तो चौपट, म्हणजे ६०० किलो. म्हणून 'थोडा उंच करू या, छान दिसेल' याला ठाम नकार द्या. या मापाला १० मिलिमीटर काच आणि वरच्या कडेला काचेच्या पट्ट्या हव्यात. काच टफन केलेली असेल तर नंतर तिला भोक पाडता येत नाही, त्यामुळे पाइपची भोकं हवी असतील तर आधीच सांगा. सिलिकॉनची नळी हातात घेऊन वाचा. बाथरूमसाठी बुरशीनाशक घातलेलं सिलिकॉन मिळतं, ते माशांना विषारी असतं. साधं, व्हिनेगरसारखा वास येणारं चालतं, पण आठवडाभर वाळू द्या. मग गाळ्यातच पाणी भरून दोन-तीन दिवस ठेवायला सांगा. काचवाला कंटाळेल, कंटाळू द्या. तिसऱ्या मजल्यावर गळती सापडण्यापेक्षा ते बरं.

मजल्याचा विषय निघालाच आहे तर, ३६० किलो पाणी, ६५-७० किलो काच आणि स्टँड धरून पावणेपाचशे किलो होतात, आणि ते पाऊण चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर. भारतात घरांचे मजले साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरून आखतात. तो भार सगळ्या खोलीवर पसरलेला मानतात, त्यामुळे एका टँकने मजला लगेच खचत नाही. पण टँक खोलीच्या मधोमध नको, भिंतीलगत, शक्यतो खांबाजवळ ठेवा, आणि आणण्याआधी इमारतीच्या व्यवस्थापनाला विचारा. घर भाड्याचं आहे.

आता माझ्या आवडीचा भाग, कारण मी पाण्यातल्या जिवाणूंवरच काम करते. नवा टँक रिकामा असतो तेव्हा तो फक्त काच असते. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर राहतात, आणि ते फार सावकाश वाढतात. ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो, यांना अनेक तास, कधी दिवसही लागतात. शंभरहून जास्त वर्षं असं मानलं जात होतं की हे काम दोन वेगळ्या गटांचे जिवाणू वाटून करतात. २०१५ मध्ये दोन संशोधक गटांनी हे दोन्ही टप्पे एकटा पार पाडणारा नायट्रोस्पायरा शोधला, आणि त्यातल्या एका गटाला तो सापडला मत्स्यपालनाच्या टाक्यांचं पाणी गाळणाऱ्या फिल्टरमध्ये. म्हणून जुना टँक विकला तरी जुना फिल्टर विकू नका. तो नव्या टँकवर नव्या फिल्टरच्या शेजारी निदान सहा आठवडे चालवा. स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने ही वस्ती मरते. टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळा.

पाणी आठवड्याला ४०-५० टक्के बदलावं लागेल, आणि इथे आपल्या इमारतींची गंमत आहे. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाळ्यात इतकं तापतं की थंड नळातून गरम पाणी येतं. गीझर बंद करून त्यातलंच गार पाणी अंघोळीला वापरण्याची युक्ती तुम्हाला ठाऊक असेलच. माशासाठी मात्र ती नको, कारण गीझरच्या आतले धातू पाण्यात उतरू शकतात. मोठे पिंप एसीच्या खोलीत रात्रभर भरून ठेवा, त्यात हवेचा पंप सोडा आणि क्लोरीन घालवणारं औषध टाका. आणि महिन्यातून एकदा पाण्याची क्षारता तपासा. जिवाणू एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवताना सात ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढी क्षारता खातात. ती संपली की पीएच कोसळतो आणि जिवाणूंचं काम थांबतं.

एवढं सगळं वाचून 'नको रे बाबा' वाटलं असेल तर तेही योग्य उत्तर आहे. आपला व्हिसा बहुधा दोन वर्षांचा आणि ऑस्करचं आयुष्य दहा वर्षांचं. काचवाल्याला आगाऊ पैसे देण्याआधीच, परत जावं लागलं तर हा मासा कोणाकडे जाणार ते ठरवा. मोठा टँक असलेला ओळखीचा माणूस सर्वांत चांगला, काही दुकानदारही मोठे ऑस्कर परत घेतात. अल खानचं शारजा अ‍ॅक्वेरियम समुद्री जीवांचं आहे, आपला गोड्या पाण्यातला मासा तिथे बसत नाही.

वाडीत नेऊन सोडणं हा पर्याय मुळीच नाही. दक्षिण फ्लोरिडाच्या कालव्यांत आणि एव्हरग्लेड्समध्ये असे ऑस्कर आता कायमचे स्थायिक झाले आहेत. २०२३ च्या मे महिन्यात श्रीनगरच्या दल सरोवरात उत्तर अमेरिकेतला अ‍ॅलिगेटर गार सापडला होता. हजर पर्वतातल्या वाड्यांच्या डबक्यांत गारा नावाच्या कुळातले बोटभर मासे राहतात, पाणी आटलं की उरलेल्या डोहांत तग धरणारे. त्याच कुळातला एक मासा आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही आहे. १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतले मासे नोंदवताना त्याच्या जातीचं नाव 'मुल्या' ठेवलं. एवढ्याशा डोहात ३० सेंटिमीटरचा ऑस्कर उतरला तर त्याला तिथे भरपूर खायला मिळेल, आणि खाणं म्हणजे हेच गारा.