चार वाजल्यानंतरची कॉफी

दुपारी चारनंतर कॉफी बंद, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं तेव्हा मी शहाण्यासारखी मान डोलावली आणि घरी येऊन आधी गॅसवर कॉफीच ठेवली. पाचची कॉफी ही डोंबिवलीत आल्यापासूनची, म्हणजे पस्तीस वर्षांची सवय. पण रात्रीचे दोन-दोन वाजेपर्यंत पंख्याची पाती मोजायची वेळ आली होती. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे पाचच्या कपाचा अर्धा अंमल रात्री दहालाही शिल्लक.

आधी गवती चहा करून पाहिला. आपल्याकडे गवती चहा म्हणजे चहा पावडरीतच टाकायची पात, त्यामुळे कॅफिन तिथल्या तिथेच राहतं. ग्रीन टीचंही तेच. तो चहाच्याच झाडाचा. मग पावडर वगळून नुसती पात, आलं आणि गूळ, झाकण ठेवून उकळलं. (झाकण हवंच, नाहीतर वास घरभर जातो आणि कपात उरत नाही.) चव छान होती, पण मला उगाच आजारी असल्यासारखं वाटू लागलं. ज्येष्ठमध घालून पाहिला, तर रक्तदाब असणाऱ्यांनी तो रोज घेऊ नये, हे आमच्या केमिस्टकडून कळलं. तो बेत तिथेच राहिला.

हळूहळू लक्षात आलं, मला हवा होता तो भाजल्याचा वास आणि जिभेवरचा तो किंचित कडूपणा. कॅफिनची आठवणही येत नव्हती. कॉफीचा वास कॉफीच्या बीमध्ये नसतोच, तो भाजताना तयार होतो. कच्ची बी हुंगून पाहा, गवतासारखा वास येतो. म्हणजे दुसरं काही नीट भाजलं तर? हा विचार काही माझा नवा नाही. 1781 मध्ये प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने कॉफी भाजायचा हक्क सरकारकडे घेतला आणि चोरून कोण भाजतंय ते हुंगायला निवृत्त सैनिक गल्लोगल्ली फिरवले. लोकांनी चिकोरीची मुळं भाजायला घेतली. पुढे 1806 मध्ये नेपोलियनने इंग्रजांच्या व्यापाराची कोंडी केली, तेव्हा फ्रान्समध्येही चिकोरीचा जम बसला.

म्हणून एकदा माटुंग्याला गेले. तिथल्या दळणाच्या दुकानात ‘चिकोरी किती टक्के?’ हा प्रश्न ठरलेला. मी म्हटलं, ‘शंभर.’ दुकानदाराने दळायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात आपल्याकडे निदान 51 टक्के कॉफी असावी असा नियम आहे. निव्वळ चिकोरी मागणारी बाई त्याला पहिल्यांदाच भेटली असावी. चिकोरी छान लागते, नुसतीच घेतली की मात्र जरा गोडसर आणि फार दाट. मी अर्धा चमचाच घालते आणि दूध जास्त.

रोजची मात्र धन्याची. कारवार-गोव्याकडे कषाय म्हणतात ती. एक वाटी धने, पाव वाटी जिरं, दोन चमचे बडीशेप, आठ-दहा मिरे. धने मंद आचेवर, तपकिरी होऊन खमंग वास येईपर्यंत. जिरं वेगळं, कारण ते आधी करपतं. गार झाल्यावर भरड दळायचं. कपभर पाण्यात एक चमचा पूड आणि गूळ घालून तीन-चार मिनिटं उकळायचं, गॅस बंद करायचा आणि मगच दूध घालायचं. गुळाच्या उकळत्या पाण्यात दूध ओतलं की फाटतं. माझं पहिल्या दिवशी फाटलंच. खजुराच्या बियांचा प्रयोग मात्र नको. त्या इतक्या कडक की भाजून मिक्सरला लावल्या तर भांड्याचं झाकण उडालं आणि बिया छताला लागल्या. लोखंडी खलबत्ता असेल तर बघा.

खरी आठवण टाकळ्याची. आमच्या कुडाळकडे श्रावणात टाकळ्याची भाजी सगळेच खातात. पावसाळा सरला की त्याच झाडाला सुतळीसारख्या बारीक, लांब शेंगा धरतात. आई त्या वाळवून बिया काढायची, खापरीत काळपट होईतो भाजायची आणि जात्यावर दळायची. पाहुण्यांना सांगायची, ‘ही कॉपी नाय गो, टाकळो आसा.’ त्यात कॅफिन नाही, कॉफीचा वास मात्र पुष्कळ. पोट मात्र मोकळं होतं, म्हणून दिवसाला एकच कप.

टाकळ्याचा एक भाऊबंद आहे, कासविंदा. त्याच्या कच्च्या बिया विषारी. पश्चिम उत्तर प्रदेशात शेंगा खाऊन मुलं दगावल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे. टाकळ्याची पानं टोकाला गोलसर, कासविंद्याची टोकदार; टाकळ्याची बी तिरकी कापल्यासारखी, कासविंद्याची चपटी. नीट ओळखता येत नसेल तर गोळा करायच्या भानगडीत पडू नये.

यंदा भावजयीने गावाहून डबाभर बिया पाठवल्या. तिचा हात ओळखीचा आहे, तरी निवडायला बसले. दोन चपट्या निघाल्या. तेवढ्यासाठी चष्मा लावून अख्खा डबा पुन्हा ताटात पालथा घातला.