न गंजणाऱ्या सळया

एक खडू घ्या आणि तो दोन्ही टोकांकडून बोटांनी दाबा. सहसा तो मोडणार नाही. आता तोच खडू जरासा वाकवा. कटकन दोन तुकडे! वाकवताना खडूची एक बाजू दाबली जाते व दुसरी ताणली जाते, आणि खडूला ताण सोसत नाही. काँक्रीटचेही तसेच आहे. ते जेवढा दाब सहन करते, त्याच्या सुमारे एक-दशांशच ताण त्याला पेलतो. म्हणून तुळईच्या ताण येणाऱ्या बाजूस पोलादी सळया घालतात. ही जोडी छान जमते, कारण उष्णतेने दोघांचेही प्रसरण जवळजवळ सारखेच होते.

मग बिघडते कोठे? चांगले काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते. त्यामुळे सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि तो तिचे रक्षण करतो. परंतु खाऱ्या हवेतील व पाण्यातील क्लोराइडे काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत झिरपली, की हे कवच तुटते आणि सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट जागा व्यापतो. तो आतून काँक्रीटला तडे पाडतो, तड्यांतून आणखी पाणी शिरते आणि गंज वाढतच जातो. पणजीचा मांडवी नदीवरील पूल १९८६ साली कोसळला. त्याच्या काँक्रीटमधील ताणलेल्या पोलादी तारांना लागलेला गंज त्याला भोवला.

सळईत लोखंडच नसले तर? या विचारातून काचतंतूंची सळई आली. काचेचे हजारो बारीक तंतू द्रवरूप राळेत भिजवून तापलेल्या साच्यातून ओढून घेतात. राळ, म्हणजे बहुवारिक, घट्ट होते आणि तंतूंना एकत्र बांधून ठेवते. काँक्रीटने नीट पकड घ्यावी म्हणून पृष्ठभागावर वाळू चिकटवतात किंवा पीळ देतात. ही सळई गंजत नाही. तिचे वजन पोलादाच्या सुमारे पाव असते, आणि तरीही ओढून तोडायला ती पोलादाइतकी किंवा त्याहून चिवट असते.

अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे तेथील पूलही गंजतात. १९९६ साली वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील मॅकिन्लीव्हिल येथील पुलाच्या रस्त्याखालील स्लॅबमध्ये अशा सळया वापरल्या. वाहनांच्या पुलासाठी त्या देशातला हा पहिलाच प्रयोग होता. भारतीय मानक ब्यूरोनेही २०२३ साली काचतंतू-सळयांसाठी मानक काढले.

तर मग पोलादाला रामराम ठोकावा काय? थांबा, थोडे गणित करू. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक दर चौरस मिलिमीटरला सुमारे २,००,००० न्यूटन, तर काचतंतू-सळईचा सुमारे ५०,०००. दोन्हींच्या १ मीटर लांब सळयांवर दर चौरस मिलिमीटरला १०० न्यूटन ताण द्या. पोलाद ०.५ मिलिमीटर लांबेल, काचतंतू-सळई २ मिलिमीटर! म्हणजे तेवढ्याच जाडीच्या सळया घातल्या तर तुळई अधिक वाकेल आणि तडे अधिक रुंदावतील. म्हणून अनेकदा सळया वाढवाव्या लागतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पोलाद तुटण्यापूर्वी बरेच लांबते. तुळई झुकते, तडे दिसतात आणि माणसांना पळायला वेळ मिळतो. काचतंतू-सळई अशी सूचना न देता एकदम तुटते. म्हणून अभियंते बहुधा हिशेब उलटा करतात. पोलाद वापरताना सळई आधी ताणली जावी अशी रचना करतात, तर येथे सळई तुटण्याआधी वरचे काँक्रीट चुरडू लागावे असे पाहतात. शिवाय आगीत राळ मऊ पडते, आणि एकदा घट्ट झालेली ही सळई कामाच्या जागी वाकवताही येत नाही. वळण हवे असेल तर ते कारखान्यातच द्यावे लागते.

तेव्हा पदार्थ केवळ बळकट असून भागत नाही. तो किती लांबतो, कसा तुटतो आणि कोणत्या हवेत राहणार आहे, हेही पाहावे लागते. आता तुम्हीच सांगा: खाडीवरच्या धक्क्यासाठी कोणती सळई निवडाल? आणि जेथे आगीचा धोका मोठा आहे, अशा कारखान्याच्या छतासाठी?