निनावी ध्वनिमुद्रिका आणि कर्तृत्वाचा प्रश्न

लोकगीत शेतातून, जात्यावरून किंवा जत्रेतून उचलले जाऊन ध्वनिमुद्रणालयात पोहोचले, म्हणजे ते कोणाचे समजावयाचे? नांदेड व लातूर जिल्ह्यांत ओव्या, गोंधळ आणि वाघ्या-मुरळीची पदे संकलित करणाऱ्या अभ्यासकाला या प्रश्नाचे उत्तर टाळता येत नाही. मौजे माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन उभा राहिलेला विद्यार्थी नकळत या वादात एक पक्षकार झालेला असतो. या प्रश्नाच्या उलगड्यासाठी लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाच्या १९७१ सालच्या चौथ्या ध्वनिमुद्रिकेचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. कारण मिसिसिपीचा पूर, इंग्लंडमधील एक श्रमिक आणि मुंबईचे वादक असे तीन दूरचे धागे तिच्यात एकत्र आलेले आहेत.

प्रथम ब्लूज या गीतप्रकाराचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय श्रमिकांत तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकारास आला. त्याच्या रूढ रचनेत एक ओळ गावयाची, तीच पुन्हा म्हणावयाची आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यावयाचे, असा क्रम असतो. हे तीन चरण मिळून तालाचे बारा खंड भरतात. जात्यावर एकीने ओवीची ओळ गावी व दुसरीने ती उचलून पुन्हा म्हणावी, या आपल्याकडील रीतीशी त्याचे साम्य सहज जाणवते. अर्थात् हे साम्य वंशाचे नव्हे, तर परिस्थितीचे होय. पुनरुक्तीमुळे श्रमाला लय मिळते आणि पुढची ओळ सुचण्यास अवसर मिळतो.

१९२७ साली मिसिसिपी नदीचे बांध फुटून सुमारे ७० हजार चौरस किलोमीटर प्रदेश जलमय झाला. बांध राखण्याच्या कामास कृष्णवर्णीय मजुरांना सक्तीने जुंपण्यात आले होते. या आपत्तीवरील ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हे गीत १९२९ साली मेम्फिस मिनी आणि तिचा पती कॅन्सस जो मॅकॉय यांनी कोलंबिया कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केले. साथीला दोघांच्या गिटारी होत्या. गायन मॅकॉयचे होते.

हेच गीत लेड झेपेलिनने आपल्या चौथ्या ध्वनिमुद्रिकेच्या अखेरीस योजिले. १९६८ साली स्थापन झालेल्या या वाद्यवृंदात गिटारवादक जिमी पेज, गायक रॉबर्ट प्लँट, बास व कळवाद्ये वाजविणारा जॉन पॉल जोन्स आणि ड्रमवादक जॉन बॉनम असे चौघे होते. हँपशायरमधील हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत, मोटारगाडीत बसविलेल्या फिरत्या यंत्रसामग्रीच्या साहाय्याने या गीताचे मुद्रण झाले. बॉनमचे ड्रम जिन्याच्या तळाशी ठेवून दोन मायक्रोफोन वरून, जिन्यातून लोंबते सोडले होते. त्यामुळे ड्रमच्या आघाताबरोबर त्या उंच दालनाचा घुमाराही मुद्रित झाला. ध्वनिफितीची गती उतरवून सर्व नाद अधिक मंद व जड करण्यात आला. मूळ गीतातील दोन गिटारींच्या हलक्या साथीच्या जागी पुराच्या लोंढ्याचा भास देणारे भारदस्त नादरूप उभे राहिले. ते नादरूप या चौघांचे व त्यांच्या ध्वनिमुद्रकाचे कर्तृत्व होय, यात संशय नाही.

तथापि रचनेचे श्रेय नोंदविताना चौघांच्या नावांबरोबर मेम्फिस मिनीचे नाव देण्यात आले. ज्याने ते गीत प्रत्यक्ष गायिले, त्या मॅकॉयचे नाव मात्र आले नाही. याच वाद्यवृंदाच्या १९६९ सालच्या ‘होल लॉटा लव्ह’ या गीतावर तर विली डिक्सन या ब्लूज रचनाकाराने १९८५ साली दावा लावला आणि १९८७ साली तो तडजोडीने मिटला. डिक्सनचे मूळ गीत मडी वॉटर्सच्या आवाजात १९६२ सालीच ध्वनिमुद्रित झालेले होते.

आता मुंबईचा धागा. याच ध्वनिमुद्रिकेत ‘फोर स्टिक्स’ हे गीत आहे. बॉनमने प्रत्येक हातात दोन अशा चार काड्यांनी ते वाजविले, म्हणून त्याला हे नाव पडले. पाच आणि सहा मात्रांचे खंड त्यात आलटून पालटून येतात. १९७२ साली पेज व प्लँट यांनी मुंबईत येऊन येथील वादकांसह हे गीत, तसेच तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेतील ‘फ्रेंड्स’, पुन्हा ध्वनिमुद्रित केले. हे मुद्रण ४३ वर्षे अप्रकाशित राहिले. २०१५ साली ‘कोडा’ या संग्रहाच्या विस्तारित आवृत्तीत ते प्रसिद्ध झाले, तेव्हा गीतांच्या शीर्षकापुढे ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ एवढेच सामुदायिक नाव छापण्यात आले. १९७२ साली भारतीय वादकाला आपल्या वादनावर कायद्याने कोणताही स्वतंत्र हक्क नव्हता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रयोगकर्त्याचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला, आणि प्रयोगकर्ता म्हणून आपली ओळख नमूद करून मागण्याचा नैतिक हक्क २०१२ च्या दुरुस्तीने मिळाला.

येथे एक आक्षेप संभवतो. लोकपरंपरा मुळातच निनावी असते. मिनी आणि मॅकॉय यांच्या पाठीशीही अनेक अज्ञात गायक असणारच. मग नावांचा आग्रह कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे; परंतु त्यात तीन भिन्न गोष्टींची गल्लत होते. शब्द व चाल यांचे कर्तृत्व एक, विशिष्ट प्रसंगीच्या गायन-वादनाचे दुसरे आणि मुद्रित नादरूपाचे तिसरे. पहिले कर्तृत्व समूहाचे असू शकते. दुसरे मात्र नेहमी एका किंवा अनेक हयात व्यक्तींचे असते. तिसऱ्याचे श्रेय मोठे असले, तरी त्याने दुसरे पुसले जात नाही.

महाराष्ट्रात या विवेकाचा एक आदर्श उपलब्ध आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. त्यात ओवीबरोबर गाणारीचे नाव व गावही नोंदविले गेले. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आज त्यांच्या नावानिशी ऐकावयास मिळतो, तो या शिस्तीमुळेच.

नांदेड-लातूरकडील संकलकाने म्हणून ध्वनिमुद्रणाबरोबर काही नोंदी अवश्य कराव्यात: गाणारीने स्वतः सांगितलेले नाव, गाव, ते गीत ती कोणाकडून शिकली, मुद्रणाची तारीख, आणि ते पुढे वापरण्यास तिची संमती. विशेषतः मागे उभे राहून ओळ उचलणारे झीलकरी, तुणतुणे व संबळ वाजविणारे, यांची नावे राहून जातात. ‘आणि साथीदार’ हा शब्दप्रयोग मुंबईच्या त्या सामुदायिक नावाचाच सख्खा भाऊ होय.

लेड झेपेलिनने १९७१ च्या आपल्या ध्वनिमुद्रिकेला नाव दिले नाही, वेष्टनाच्या दर्शनी बाजूस स्वतःचेही नाव छापले नाही. तेथे पाठीवर काटक्यांचा भारा घेतलेला एक वृद्ध तेवढा दिसतो. वाद्यवृंदाने स्वेच्छेने पत्करलेल्या निनावीपणाने त्याची कीर्ती उणावली नाही. त्या वृद्धाचा निनावीपणा मात्र स्वेच्छेचा नव्हता. २०२३ साली ब्रायन एडवर्ड्स या इंग्लिश संशोधकाने एका जुन्या छायाचित्रसंग्रहावरून त्याची ओळख पटविली. तो विल्टशायरमधील छपरे शाकारणारा कामगार लॉट लाँग. अर्नेस्ट फार्मर याने १८९२ साली त्याचे छायाचित्र घेतले आणि पुढच्याच वर्षी तो वारला. त्याचे नाव हाती लागण्यास १३१ वर्षे लागली. छायाचित्र घेतले त्या दिवशी ते त्यालाच विचारून लिहिता आले असते.