हप्ता भरण्याआधी...

गेल्या जुलैत आमच्या बचत गटाची मासिक बैठक होती. हिशेब झाला, हप्ते गोळा झाले, चहा यायचा होता. तेवढ्यात शिलाईकाम करणारी आमची एक सभासद चाचरत म्हणाली, "ताई, मला पंधरा हजार कर्ज पायजे."

"कशाला गं?"

"पोराच्या अभ्यासाचं टॅब घ्यायचंय. आधी पंधरा हजार, मग महिन्याला हप्ता. घरी दोघं जण आलेले. टाय-बिय लावून. त्यांनी पोराची परीक्षा घेतली आन् म्हनाले, तुमचं पोरगं गणितात लई मागं हाय, आत्ताच कायतरी केलं नाय तर दहावीला अवघड हाय..."

पुढं तिला बोलवेना. मैत्रिणींनो, आईला घाबरवायला यापेक्षा जास्त काय लागतं? दिवसाला चार ब्लाउज शिवणारी बाई ती. कर्जाला गटाची ना नव्हती, तिची परतफेड कधीच चुकलेली नाही. पण मी म्हटलं, "आठ दिवस थांब. मुलाचं गणिताचं पुस्तक घेऊन घरी ये. फोनही आण."

खरं सांगायचं तर या विषयात माझाही एकदा पोपट झालेला आहे! २०२० साली कोरोनात शाळा बंद पडल्या, तेव्हा सरकारचा 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' हा उपक्रम सुरू झाला. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागायची. त्या दिवसांत मी उत्साहानं मोफत अभ्यासाच्या संकेतस्थळांची लांबलचक यादी केली, झेरॉक्स काढल्या आणि घरोघरी वाटल्या. महिन्यानं एका घरी गेले, तर माझी यादी फडताळात डब्यांखाली अंथरलेली! आधी राग आला. मग कळलं, चूक माझीच. आमच्या मलकापूरची चोवीस तास पाण्याची योजना राज्यभर गाजली, ती नवीन असताना बायका जुन्या सवयीनं हंडे-कळश्या भरून ठेवायच्या. मी तेच केलं होतं, फुकट दिसलं की भर! कुणाच्या मुलाचं काय अडलंय, हे मात्र विचारलंच नव्हतं.

तर रविवारी ती मुलाला घेऊन आली. सातवीतला पोरगा. चुणचुणीत, पण गणिताचं पुस्तक काढताच मान खाली. मी विचारलं, "सगळंच गणित अवघड जातं का?" बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "नाही काकू. भूमितीच. आणि अपूर्णांकाचा भागाकार." म्हणजे दोनच गोष्टी! 'मागं हाय, मागं हाय' म्हणून पंधरा हजारांना विकली जाणारी भीती एवढीशीच होती.

मग मी त्याच्या पुस्तकावरचा तो काळा-पांढरा चौकोन दाखवला. क्यूआर कोड. भाजीवालीच्या गाड्यावर पैसे द्यायला असतो ना, तसाच दिसणारा. ती म्हणाली, "अगं बाई, मला वाटलं ही पुस्तकाची किंमत हाय!" हसू नका, आपल्यापैकी कितीजणींनी तो उघडून बघितलाय? सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना असे कोड जोडून मुलांना धडे ऐकवले, दाखवले. २०२० मध्ये त्यांना जगातला मोठा 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळाला आणि बक्षिसाच्या दहा लाख डॉलरमधले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकले. त्या बातम्या आपण सगळ्यांनी कौतुकानं वाचल्या. पण तो कोड आपल्याच घरातल्या दप्तरात पडून आहे, हे लक्षात नाही आलं.

हा कोड पैसे देण्याच्या ॲपनं उघडायचा नाही, बरं का. त्यासाठी 'दीक्षा' नावाचं केंद्र सरकारचं ॲप आहे, २०१७ पासूनचं. मोफत. भाषा मराठी, मंडळ महाराष्ट्राचं, मग माध्यम आणि इयत्ता निवडायची. कॅमेरा खराब असेल, तर कोडजवळ सहा अक्षर-अंकांची एक ओळ छापलेली असते, ती हातानं टाकली तरी चालतं. तिच्या फोनच्या काचेला तडा होता, आम्ही तसंच केलं. एकदा उतरवून घेतलेला धडा नंतर नेट नसतानाही बघता येतो. ज्या घरात एकच फोन आहे आणि तोही सकाळी नवऱ्याबरोबर कामावर जातो, तिथं हे फार मोलाचं.

आता सगळं गोडच आहे असं नाही. काही पाठांना छान समजावणारी चित्रफीत आहे, काहींना नुसते चार प्रश्न. अपूर्णांकाचं त्या पोराला पटकन कळलं. भूमितीच्या चित्रफितीत मात्र तो पाच मिनिटांत जांभया द्यायला लागला. फळ्यावरचं न कळलेलं फोनवर दाखवलं, एवढाच फरक!

तेव्हा मला अरविंद गुप्ता आठवले. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पण आयुष्यभर टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी केली. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांच्या कृती आणि हजारो पुस्तकं मोफत आहेत, मराठीतलीही भरपूर. त्यांचा एक साधा खेळ आहे, आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी. काडीचा गुल खरवडून टाकायचा, नळीचे छोटे तुकडे करायचे आणि त्यात काड्या खोचून आकार जोडायचे. पोरगा कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून नळी घेऊन आला. त्रिकोण केला, दाबला, हलेना. चौकोन केला, दाबला, तर एका बाजूला कलंडला आणि समभुज चौकोन झाला! "काकू, बाजू तेवढ्याच राहिल्या, कोन बदलले!" तो ओरडलाच. मग चौकोनात तिरकी काडी घातली आणि चौकोन ताठ उभा. त्याची आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "म्हणून पत्र्याच्या शेडला कैची घालत्यात व्हय!" तिचे वडील गवंडी होते. त्या दुपारी भूमिती तिनं शिकवली, मी नुसती बघत होते.

आमच्या ओळखीच्या एक जिल्हा परिषद शाळेतल्या बाई आहेत. त्यांची अडचण निराळी. चौथीच्या वर्गात काही मुलं जोडाक्षरांपाशीच अडखळतात, आणि त्यांना पहिलीचं पुस्तक दिलं की लाजतात. बाईंना 'स्टोरीवीव्हर' सापडलं. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेलं गोष्टींचं भांडार. मराठीत भरपूर सचित्र गोष्टी, सोप्यापासून अवघडपर्यंत पायऱ्या लावलेल्या. आणि मुख्य म्हणजे त्या उतरवून घ्यायला, छापायला उघड परवानगी आहे. बाई गोष्टी छापून, शिवून, छोटी पुस्तकं करतात. कुठल्या मुलाच्या हातात कुठल्या पायरीची गोष्ट आहे, ते दुसऱ्याला कळत नाही. मला हे फार आवडलं. नेटवरनं आणलेलं असूनही वर्गात एकसुद्धा फोन नाही!

विज्ञानाच्या शिक्षकांनी 'फेट' बघावं, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं. वीजमंडलात बल्ब जोडा, तार काढा, पडद्यावर लगेच परिणाम दिसतो. बरेच प्रयोग मराठीतही आहेत. निबंधाला माहिती हवी असेल, तर दिसेल त्या पहिल्या पानावरून उतरवू देऊ नका. आपल्याच जिल्ह्यात, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली उभा राहिलेला मराठी विश्वकोश आता घरबसल्या फुकट वाचता येतो. पहिला खंड १९७६ चा, त्यामुळे जुन्या नोंदींतले आकडे जुने असणार, एवढं लक्षात ठेवायचं. पाठ्यपुस्तक हरवलं किंवा भिजलं, तर बालभारतीच्या संकेतस्थळावर अख्खं पुस्तक मिळतं. तिथंच 'किशोर'चे जुने अंकही आहेत, अगदी १९७१ च्या पहिल्या अंकापासूनचे. मी मुलांसाठी म्हणून उघडले आणि स्वतःच वाचत बसले. भाजी करपली त्या दिवशी!

शोधताना एक करा. नुसतं 'गणित' टाकू नका. इयत्ता, विषय, धड्याचं नाव, माध्यम असं सगळं मराठीतच टाका. धडा आपल्याच पुस्तकाशी जुळतो ना, तेही बघा, कारण पुस्तकं बदलतात, जुन्या चित्रफिती मात्र तशाच राहतात. आणि 'मोफत पुस्तक' म्हणत कुणी आधी मोबाइल नंबर, ओटीपी किंवा बँकेचं काही मागायला लागलं, की सरळ बंद करा. मोफत परीक्षेच्या कागदावर सही तर नकोच.

तरी मोफत म्हणजे बिनखर्चाचं नव्हे. नेटचा रिचार्ज लागतो आणि त्याहून महाग म्हणजे शेजारी बसणारं माणूस लागतं. ती मला म्हणाली, "ताई, मी दोन ब्लाउज कमी शिवले त्या दिवशी." हे तिचं म्हणणं मी खोडू शकले नाही. म्हणून आता गटातल्या तिघीजणी पाळीनं रविवारी दुपारी दोन तास बसतात. गल्लीतली सात-आठ मुलं येतात. ज्याला जे अडलं तेवढंच शोधायचं, बाकी फोन बंद.

कर्जाचा अर्ज तिनं मागं घेतला नाही, रक्कम बदलली. चार हजार घेतले, मशीनला मोटर बसवायला. टाय लावलेले दोघं पुन्हा आले होते म्हणे, तिनं त्यांना पुस्तकावरचा कोड दाखवून वाटेला लावलं. मुलाला भूमितीच्या चाचणीत फार मोठे गुण पडले असं नाही, वीसपैकी अकरा. आधी पाच होते.

परवा तो पळत आला. "काकू, चौकोनाला एक तिरकी काडी पुरते. मग पंचकोन हलू नये म्हणून किती लागतील?" उत्तर येत असूनही मी त्याला म्हटलं, "उद्या सांगते." तो गेल्यावर आगपेटी घेऊन ओट्यापाशी बसले. दोन लागतात.