अनुदानाचा पैसा कोणाच्या नावाने येतो?



सरकारची मदत पूर्वी बहुधा मालाबरोबर यायची. खताची गोणी थोडी स्वस्त पडायची, बियाण्यावर सूट मिळायची. आता काही मदत रोख रकमेने सरळ बँकेत येते. केंद्र सरकारची ‘पीएम किसान’ योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाली. तिच्यातून वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत मिळतात. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ सुरू करून तेवढीच भर घातली. दोन्ही मिळून १२,००० रुपये झाले, म्हणजे महिन्याला हजार.

आपण म्हणाल, एवढ्याने काय होते? खरे आहे, त्याने कर्ज फिटत नाही. पण पेरणीच्या तोंडावर दोन हजार हाताशी असले, तर उसनवारी तेवढी टळते.

हा पैसा नांगरणाऱ्याच्या हाताकडे पाहत नाही, कागदावरच्या नावाकडे पाहतो. ज्याचे नाव सातबाऱ्यावर, त्याच्या कुटुंबाला पैसा. नवरा, बायको आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरतात. म्हणून दुसऱ्याचे शेत मक्त्याने करणाऱ्याला यातून काही मिळत नाही. आयकर भरणारा कास्तकारही यातून वगळलेला आहे. आरंभी दोन हेक्टरांची मर्यादा होती, ती २०१९ मध्येच उठली. कोरडवाहू जमीन जास्त असणाऱ्या आपल्या वर्धा जिल्ह्यात त्याचा उपयोग झाला.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, समुद्रपूरकडच्या एका गावात घरधनी वारला. बाई शेत वाहते, कपाशी वेचते, तूर काढते. पण सातबाऱ्यावर नाव अजून नवऱ्याचेच! हप्ता बंद पडतो. पीककर्ज आणि इतर मदतीलाही तोच अडसर येतो. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांना शेतकरी आत्महत्यांमुळे विशेष मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. तेव्हा अशी घरे आपल्याला परकी नाहीत.

यावर उपाय आहे. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्यावी. सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावे द्यावी. फेरफार लिहिला जातो, नोटीस निघते, हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. उशीर झाला असला तरी नोंद करता येते. घाबरून घरी बसू नये. योजनेने जमिनीच्या मालकीसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख ठरवली होती, पण मृत्यूनंतर वारसाहक्काने आलेल्या जमिनीला ती आड येत नाही. नाव चढले की बाईने स्वतःच्या नावाने नवा अर्ज करावा.

नाव असूनही हप्ता येत नसेल तर तीन गोष्टी पाहाव्या: ई-केवायसी झाली का, जमिनीची नोंद योजनेशी जुळली का, आणि खाते आधारशी जोडले का. खाती दोन असतील, तर ज्याला आधार शेवटी जोडला त्यात पैसा जातो. पुष्कळदा बाई एका बँकेत हेलपाटे घालते आणि रक्कम दुसरीकडे पडून असते.

गुरुजी, आपल्यालाही एक विनंती. शाळेतल्या मुलांना एकदा घरचा सातबारा आणून वाचायला लावा. त्यावर कोणाचे नाव आहे आणि शेत कोण कसते, एवढे दोनच प्रश्न विचारा. जिथे दोन उत्तरे जुळणार नाहीत, त्या घरी तलाठ्याकडे जायची आठवण त्या मुलाच्या तोंडून पोचेल.