फिरणारे चाक आणि न हलणारी गाडी

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे एक चाक चिखलात गरगर फिरते, दुसरे कोरड्या मुरमावर ढिम्म उभे राहते आणि गाडी जागची हलत नाही. याचे एकच स्पष्टीकरण गॅरेजपासून यूट्यूबपर्यंत सगळीकडे ऐकू येते: डिफरन्शियल सगळा टॉर्क घसरणाऱ्या चाकाला देऊन टाकते, पकड असलेल्या चाकाला काहीच मिळत नाही. गाड्यांची परीक्षणे लिहिणारेही ते बिनदिक्कत छापतात. ते चूक आहे. शिवाय ते एकदा डोक्यात बसले की लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एलएसडी, आणि ट्रॅक्शन कंट्रोल यांबद्दलचे पुढचे गैरसमज आपोआप तयार होतात.

डिफरन्शियलची गरज वळणावर पडते. मागच्या दोन चाकांमधले अंतर १.४ मीटर असेल, तर घाटातल्या १८० अंशांच्या वळणात बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे ४.४ मीटर जास्त चालते, वळण अरुंद असो वा ऐसपैस. दोन्ही चाके एकाच सळईला घट्ट जोडली तर एकाला फरफटावेच लागेल. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी पेटंट घेतलेली रचना आजही जवळजवळ तशीच वापरात आहे. प्रोपेलर शाफ्टच्या टोकाचा पिनियन क्राऊनला फिरवतो. क्राऊनला जोडलेल्या डब्यात एका पिनवर छोटे स्टार गिअर मोकळे बसवलेले असतात, आणि ते दोन बाजूंच्या सन गिअरमध्ये अडकलेले असतात. प्रत्येक सन गिअरमधून एक एक्सल चाकाकडे जातो.

सगळी गोम त्या मोकळ्या स्टार गिअरमध्ये आहे. तो तराजूच्या दांडीसारखा वागतो. एका बाजूने जास्त विरोध आला की तो स्वतःभोवती फिरतो, आणि दोन्ही दातांवरचा दाब समान होईपर्यंत त्याला थारा नसतो. म्हणून साधे डिफरन्शियल, आतले किरकोळ घर्षण सोडले तर, दोन्ही चाकांना नेहमी सारखाच टॉर्क देते. सरळ रस्त्यावर सारखा, वळणावर सारखा आणि चिखलातही सारखाच. शंका असेल त्याने थॉमस गिलेस्पी यांचे १९९२ चे 'फंडामेंटल्स ऑफ व्हेईकल डायनॅमिक्स' हे पाठ्यपुस्तक उघडावे. त्यातली प्रवेगाची गणिते याच गृहीतावर उभी आहेत.

मग गाडी का अडते? १६०० किलोची गाडी घेऊ, मागच्या प्रत्येक चाकावर ४०० किलो भार. कोरड्या रस्त्यावरचे चाक साधारण ३२० किलोचा रेटा देऊ शकते. शेवाळलेल्या चिखलात ते घसरण्याआधी जेमतेम ४० किलो देते. डिफरन्शियल समान वाटणी करणारे असल्यामुळे चांगल्या चाकालाही ४० किलोच मिळतात. एकूण रेटा झाला ८० किलो, आणि १२ फुटांना एक फूट अशा चढावर गाडीला निदान १३३ हवेत. गाडी चढणार कशी? घसरणाऱ्या चाकाला 'सगळा' टॉर्क मिळालेला नाही, उलट दोन्ही चाकांना फारच कमी मिळाला आहे. चिखलातले चाक जेवढे पेलू शकते तेवढ्यावर दोघांची बोळवण होते.

गैरसमज इतका चिवट असण्याचे कारण म्हणजे त्यात अर्धे सत्य आहे. टॉर्क आणि शक्ती या वेगळ्या गोष्टी आहेत: टॉर्कला फिरण्याच्या वेगाने गुणले की शक्ती मिळते. उभ्या चाकाचा वेग शून्य, म्हणून त्याच्याकडे जाणारी शक्ती शून्य. घसरणारे चाक क्राऊनच्या दुप्पट वेगाने फिरते, म्हणून शक्ती सगळी तिकडे, तीही चिखल उडवण्यात. एवढेच म्हणायचे असेल तर वाक्य बरोबर आहे. पण गाडी हलते ती चाकाला मिळालेल्या टॉर्कमुळे, आणि बोलणारा नेमका त्याच्याबद्दल बोलत असतो.

शाळेतले भौतिकशास्त्र पटत नसेल, तर रस्त्यावर धावणाऱ्या हजारो गाड्या पुरावा म्हणून पुरेशा आहेत. ट्रॅक्शन कंट्रोलची ब्रेक वापरणारी पद्धत साध्या डिफरन्शियलच्या समान वाटणीवरच चालते. एबीएसचे सेन्सर चाकांचे वेग मोजतात, आणि एक चाक भरकटले की फक्त त्याचा ब्रेक लागतो. वरच्याच उदाहरणात ब्रेकने १०० किलोचा विरोध उभा केला, तर त्या बाजूचा एकूण विरोध १४० होतो, आणि समान वाटणीच्या नियमाने दुसऱ्या चाकालाही १४० मिळतात. जमिनीवर लागणारा रेटा ४० अधिक १४०, म्हणजे १८०. गाडी चढते. साधे डिफरन्शियल खरोखरच सगळे काही घसरणाऱ्या चाकाला देत असते, तर हा ब्रेक कितीही आवळून दुसऱ्या चाकाला दमडी मिळाली नसती. अर्थात हे फुकट होत नाही. इंजिनाला २८० किलोंइतके खेचावे लागते आणि ब्रेकचे १०० उष्णता होऊन जातात. लांबच्या चिखलाच्या चढावर ब्रेक तापतात, आणि तापले की बऱ्याच गाड्यांत ही यंत्रणा काही काळ स्वतःच माघार घेते.

इथेच एक लाडका सल्ला तपासायला हवा: चाक फिरू लागले की हँडब्रेक थोडा ओढा. तर्क ट्रॅक्शन कंट्रोलसारखा वाटतो, पण हँडब्रेक मागची दोन्ही चाके सारखीच धरतो. १०० किलोचा ब्रेक दोन्हीकडे लागला, तर घसरणाऱ्या बाजूचा विरोध १४०, म्हणून दुसऱ्याला १४०. त्यातले १०० त्याचाच ब्रेक खातो आणि उरतात पुन्हा ४०. एकूण ८०, जिथून निघालो तिथेच. दोन बाजूंचे ब्रेक असमान लागले तर थोडाफार फरक पडेल, पण त्याला युक्ती म्हणत नाहीत, नशीब म्हणतात. गंमत म्हणजे हीच युक्ती एका विशिष्ट एलएसडीवर अचूक चालते, आणि ऐकीव सल्ल्याचा उगम बहुधा तिथेच असावा.

एलएसडी ही समान वाटणी मोडते. १९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांची मागची चाके वेगातही घसरत, तेव्हा फर्डिनांड पोर्श यांनी जर्मनीच्या झेडएफकडून अशी रचना करून घेतली. एका प्रकारात सन गिअरमागे क्लच प्लेटांची थप्पी असते आणि टॉर्क वाढेल तशी ती आवळते. दुसऱ्यात घट्ट सिलिकॉन द्रव असतो, जो वेगात फरक पडल्यावरच विरोध करतो. तिसरा प्रकार व्हर्नन ग्लीसमन यांच्या टॉर्सनचा. त्यात तिरक्या दातांच्या गिअरांचे घर्षण काम करते. माझदाची छोटी एमएक्स-५ १९८९ मध्ये द्रवाच्या एलएसडीच्या पर्यायासह आली आणि १९९४ पासून तिला टॉर्सन मिळाले.

टॉर्सन घसरणाऱ्या चाकाच्या ठरावीक पट टॉर्क दुसऱ्याला देते. हे प्रमाण तीनपट धरले तर आपल्या गाडीचा रेटा ४० अधिक १२०, म्हणजे १६० होतो आणि चढ थोडक्यात निभावतो. पण चाक खड्ड्यावर अधांतरी लटकले, तर शून्याची तिप्पटही शून्यच. 'एलएसडी आहे म्हणजे एका चाकावरही निघेल' हा समज इथे तोंडघशी पडतो. अशा वेळी ब्रेक हलका दाबावा. चिखलातले वरचेच आकडे घेतले तर घसरणाऱ्या बाजूच्या १४० ची तिप्पट ४२०, त्यातून १०० वजा जाता ३२० उरतात. अमेरिकी सैन्याच्या हमवीच्या पुढच्या-मागच्या दोन्ही एक्सलांत टॉर्सन असते, आणि तिच्या चालकांना ॲक्सिलरेटरबरोबर ब्रेक हलका दाबण्याचे रीतसर शिक्षण देतात.

एलएसडी आणि डिफरन्शियल लॉक एकच नव्हेत. लॉक दोन्ही एक्सल एकजीव करतो, मग चाक हवेत असले तरी चालते. महिंद्रा थारच्या काही प्रकारांत मिळणारे ईटनचे यांत्रिक लॉकिंग डिफरन्शियल दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की आपोआप जुळते आणि वेग वाढल्यावर जुळत नाही. त्याला सर्रास एलएसडी म्हणणारे विक्रेते कमी नाहीत.

सर्वांत घातक समज हा की एलएसडी बसवले की मागच्या चाकांची गाडी पावसात सुरक्षित होते. टायरची पकड मर्यादित असते. ती पुढे रेटण्यात खर्च झाली की आडवे धरून ठेवायला उरत नाही. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत ओल्या वळणावर जास्त ॲक्सिलरेटर दिला तर बहुधा आतले हलके चाक फिरते आणि बाहेरचे गाडी धरून ठेवते. एलएसडी दोघांना राबवते, आणि मर्यादा ओलांडली की दोन्ही एकदम सुटून गाडीची शेपूट बाहेर जाते. शर्यतीच्या चालकाला तेच हवे असते. पावसाळ्यात आंबेनळी घाट उतरणाऱ्या कुटुंबाला ते नको असते.

'ट्रॅक्शन कंट्रोल पकड वाढवते' हेही खरे नाही. पकड टायर आणि रस्ता ठरवतात, ही यंत्रणा फक्त उधळपट्टी थांबवते. 'ते कधीच बंद करू नये' हेही अर्धवटच: चिखलात रुतलेली गाडी मागे-पुढे झुलवून काढताना यंत्रणा इंजिनाची ताकद कापत राहते, म्हणून ती बंद करावी असे टोयोटाचे माहितीपुस्तकच सांगते. रस्त्यावर आल्यावर मात्र लगेच चालू करावी. 'रस्त्यावर टायरचा एकच काळा पट्टा उठला म्हणजे डिफरन्शियल खराब' हा निदानाचा प्रकारही सोडून द्यावा. अखंड एक्सलच्या गाडीत प्रोपेलर शाफ्टचा पीळ उजवे मागचे चाक हलके करतो, म्हणून निरोगी साध्या डिफरन्शियलमध्ये ते आधी फिरते. रिकाम्या पिकअपच्या हौद्यात पोती टाकून चढ चढवण्याची पद्धत मात्र गैरसमज नाही. मागच्या दोन्ही चाकांवरचा भार वाढतो, आणि त्याबरोबर दोघांचा रेटाही. पोती नीट बांधलेली असावीत, कारण ब्रेक लागल्यावर ती पुढे येतात.