रिम, शाई आणि सातबारा

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये जाऊन प्रिंटरच्या कागदाची रिम मागितली, की दुकानदार हमखास विचारतो, "सत्तरची देऊ, की पंचाहत्तरची?" गिऱ्हाईक दोन्हींचे भाव विचारते, स्वस्त असेल ती काखेत मारते आणि चालू लागते. सत्तर म्हणजे काय आणि पंचाहत्तर म्हणजे काय, हे विचारणारा विरळा. आपण खानदेशी माणसे तशी चोखंदळ. वांगी भरताची आहेत की भाजीची, हे हातात घेऊन सांगतो. डाळ दाताखाली फोडून बघतो. पण कागद मात्र पुडक्यावरचे चित्र पाहून घेतो. सारा जन्म बँकेत कागद खाली-वर करण्यात गेल्यामुळे असेल, मला याची मोठी गंमत वाटते.

हा आकडा ग्रॅमचा आहे. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशा कागदाचे वजन सत्तर ग्रॅम भरले, तर तो सत्तर जीएसएम. ए-फोर आकाराची सोळा पाने शेजारी शेजारी मांडली, की एक चौरस मीटर होतो. म्हणजे ८० जीएसएमचे एक पान पाच ग्रॅमचे. त्या हिशेबाने ५०० पानांची रिम ८० ची असेल तर अडीच किलो, ७५ ची असेल तर दोन किलो ३४० ग्रॅम आणि ७० ची असेल तर दोन किलो १८० ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे. कागद हवेतला ओलावा पितो, तेव्हा थोडे इकडेतिकडे व्हायचेच. पण फारच शंका आली तर रिम सरळ किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवावी. लोक हसतात, हसू द्यावे.

घरची तिकिटे, मुलांचे गृहपाठ, एका बाजूला छापायचे किरकोळ कागद यांना ७० पुरतो. दोन्ही बाजूंना छापायचे असेल तर ७५ घ्यावा. नाहीतर पाठीमागची अक्षरे पुढे डोकावतात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दाव्यांच्या कागदपत्रांसाठी ए-फोर आकार आणि दोन्ही बाजूंची छपाई स्वीकारली, तेव्हा कागद किमान ७५ जीएसएमचा असावा, असेच सांगितले. दोन्ही बाजूंना छापले की कागदाचा खर्च निम्मा होतो. त्यापुढे पाच ग्रॅमची कंजूषी करण्यात अर्थ नाही.

वजनाइतकीच महत्त्वाची असते ती खळ. ती डोळ्यांना दिसत नाही. कागदाला खळ नीट नसेल तर पातळ शाई तंतूंतून पसरते आणि अक्षराला मिशा फुटतात. इंकजेटवर असे झाले, की आपण प्रिंटरला शिव्या देतो. आपल्या पूर्वजांनी तसे केले नसते, कारण कागद आपल्याच जिल्ह्यात होत असे. एरंडोल म्हटले की आपल्याला पांडववाडा आणि पद्मालयाचा गणपती आठवतो. पण जुन्या गॅझेटिअरमध्ये एरंडोलची नोंद आहे ती जाड देशी कागदाचे गाव म्हणून. यावलचीही तशीच, तिथे कागदाबरोबर नीळही होत असे. पुढे गिरण्यांचा कागद आला आणि एरंडोल-यावलचे कागदी हळूहळू मागे पडले. त्या काळी हातकागद चिंध्या, तागाचे तुकडे, जुनी गोणपाटे यांच्या लगद्यापासून करीत. मग त्याला पिठाची खळ देत आणि गुळगुळीत दगडाने घोटत. बोरूची शाई पसरू नये म्हणूनच हा सारा खटाटोप. आजच्या गिरणीत खळ वेगळी असते, काम तेच.

याच यावल तालुक्यातल्या फैजपूरला १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. हातकागदाचा धंदा पुन्हा उभा राहावा, अशी गांधीजींची तळमळ होती आणि त्यातूनच पुण्याला १९४० मध्ये हातकागदाची संस्था निघाली. स्वतः गांधीजी कागदाच्या बाबतीत किती काटकसरी होते, ते जगाला ठाऊक आहे. आलेली पाकिटे उलटून ते त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत. 'हिंद स्वराज' त्यांनी १९०९ मध्ये बोटीवर, बोटीच्याच कागदांवर लिहिले. उजवा हात दुखला तेव्हा डाव्याने. जळगावला जैन हिल्सवर २०१२ मध्ये गांधीतीर्थ सुरू झाले आहे. तिथे जाल तेव्हा चरख्याइतकेच लक्ष कागदांकडेही द्या.

शाईचे खरे मोल मात्र धुळ्याला कळते. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळात आणि शंकर श्रीकृष्ण देवांनी उभारलेल्या समर्थ वाग्देवता मंदिरात जुनी हस्तलिखिते आहेत. कागद पिवळा पडलेला, कडा झिजलेल्या. पण अक्षर काळेभोर. काजळ आणि डिंक यांची ती शाई. काजळ म्हणजे कार्बन, आणि उजेडाने तो फिका होत नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. त्यात समर्थ बोरू, शाई, बांधणी यांबद्दल बोलतात आणि दोन गोष्टी अशा सांगतात, की प्रिंटरच्या माहितीपुस्तकात त्या छापायला हरकत नाही. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडा, म्हणजे कागद झिजला तरी अक्षर जाणार नाही. आणि तरुणपणी फार बारीक लिहू नका, म्हातारपणी ते वाचता येणार नाही. कागद वाचवण्यासाठी समास नाहीसा करणाऱ्या आणि अक्षर आठ पॉइंटवर आणणाऱ्या आमच्या एका नव्या सहकाऱ्याला मी हे ऐकवले होते. तो म्हणाला, "साहेब, तेव्हा हेड ऑफिसचे परिपत्रक नव्हते."

बँकेत मी लागलो तेव्हा खतावण्या हाताने लिहिल्या जात. नंतर करकर आवाज करणारे डॉट मॅट्रिक्स आले. त्यांची रिबन पांढरी पडेपर्यंत वापरायची, हा शाखेचा अलिखित नियम. त्या काटकसरीची किंमत खिडकीच्या पलीकडच्या माणसाला मोजावी लागे. पुढे इंकजेट आले तरी ती खोड गेली नाही, फक्त खिडकीपलीकडे गेली. धुळे जिल्ह्यातल्या एका शाखेत, जून महिन्यात, पीककर्जासाठी एक वयस्कर शेतकरी सातबारा घेऊन आले. कुठल्याशा दुकानात फिक्या शाईत काढलेला, मधून मधून पांढरे पट्टे. गट क्रमांकातला मधला आकडा एक की नऊ, ते सांगता येईना. "साहेब, हाऊ नऊच शे," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. ते खरेच सांगत असणार. पण गहाणाच्या कागदावर आकडा तोंडी चालत नाही. पाऊस तोंडावर, पेरणीची घाई, आणि त्यांना नवी प्रत आणायला एसटीने परत जावे लागले. दुकानदाराची शाई वाचली असेल थेंबभर. म्हाताऱ्याचा दिवस गेला. आता डिजिटल सहीच्या उताऱ्यावर क्यूआर कोड असतो. तो फिका छापला तर मोबाइललाही वाचता येत नाही.

तेव्हा फिकी म्हणजे 'ड्राफ्ट' छपाई वापरावी ती स्वतःपुरत्या कागदाला. मी कादंबरीचे कच्चे खर्डे असेच काढतो. त्यातही मराठीची पंचाईत अशी, की फिक्या छपाईत पहिला बळी अनुस्वाराचा जातो आणि दुसरा रफाराचा. इंग्रजीला दहा पॉइंट पुरतात. आपल्या वेलांट्या-उकारांना बारा लागतात. अमेरिकेत २०१४ मध्ये सुवीर मिरचंदानी नावाच्या शाळकरी मुलाने गॅरामाँड हा टाइप वापरला तर सरकारची कोट्यवधींची शाई वाचेल, असे मांडून खळबळ उडवली होती. जाणकारांनी लगेच दाखवून दिले, की तो टाइप मुळातच त्याच पॉइंटला लहान दिसतो. बचत बरीचशी त्या लहानपणाची. म्हणजे गाडी पुन्हा समर्थांपाशीच आली.

शाई खरोखर कुठे जाते, ते सांगतो. इंकजेटचे तोंड वाळले, की यंत्र ते धुऊन काढते आणि धुण्यासाठी शाईच वापरते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला, की आपल्याकडे तोंड लवकर वाळते. म्हणून आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेले एक पान काढावे. यंत्र नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावे, भिंतीवरच्या नव्हे. कारण त्याच्या बटणाने बंद केल्यावर ते आपले तोंड झाकून घेते. मध्येच वीज गेली तर ते उघडेच राहते, म्हणून परत आल्यावर यंत्र चालू करून रीतसर बंद करावे. छपाईत पट्टे आले तर साफसफाई दोनदा करावी, मग काही तास थांबावे. दहा वेळा केल्याने टाकी रिकामी होते, तोंड मोकळे होतेच असे नाही. काळा मजकूर काढताना 'फक्त काळी शाई' हा पर्याय निवडावा, नाहीतर काही यंत्रे रंग मिसळून काळा करतात. महिन्याला शेकडो पाने काढणाऱ्याने टाकीचा प्रिंटर घ्यावा. घेताना महाग, पानामागे स्वस्त. महिनोन्महिने ज्याचे यंत्र झाकलेले असते, त्याने लेझर घ्यावा. टोनर ही भुकटी आहे, ती वाळत नाही. खोक्यावर लिहिलेली पानांची संख्या मात्र पान साधारण पाच टक्केच काळे होईल, असे धरून काढलेली असते. रेघोट्यांनी भरलेला तक्ता त्याच्या कितीतरी पट शाई पितो.

घरचे मोलाचे कागद लेझरवर किंवा पिगमेंट शाईत काढावेत. साध्या रंगशाईवर ओले बोट फिरवून पाहा, काय होते ते. लेझरचे अक्षर पाण्याला दाद देत नाही, पण ते वितळवून चिकटवलेले प्लास्टिक असते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या कपाटात ठेवले, की मे महिन्यात अक्षर पिशवीला चिकटून येते. कागदी पाकिटच बरे. एटीएमची चिठ्ठी तर उष्णतेनेच छापलेली. ती ठेवायची असेल तर झेरॉक्स काढून ठेवावी.

पावसाळ्यात रिम तिच्या वेष्टनातच, आडवी ठेवावी. ओलसर कागद वळतो आणि अडकतो. वेष्टनावर बाण असेल तर कोणती बाजू आधी छापायची, ते तो सांगतो. पाठकोरे कागद जरूर वापरावेत, पण टाचणी काढून, आणि फक्त स्वतःसाठी. ज्यांच्या मागे कोणाचा खातेक्रमांक किंवा आधार क्रमांक आहे, ते फाडून टाकावेत. शेंगदाण्यांच्या पुडीवर लोकांच्या शिल्लक रकमा वाचण्याचा योग मला आजवर दोनदा आला आहे.